सांधा मोडून बांधा

मुलांच्या खेळण्यातले प्लास्टिकचे चोवीस ठोकळे घ्या. आठ बटणांचे, म्हणजे चार बाय दोनचे. त्यातल्या बारांची भिंत अशी रचा की प्रत्येक ठोकळा खालच्याच्या बरोबर डोक्यावर बसेल. चार थर, तीन ठोकळे शेजारीशेजारी. उरलेल्या बारांची भिंत रचताना मात्र प्रत्येक थर अर्ध्या ठोकळ्याने सरकवा. कडा दातेरी राहिल्या तरी हरकत नाही. आता दोन्ही भिंतींना बोटाने ढकला. पहिली भिंत मुळात भिंत नव्हतीच, ते तीन सुटे खांब होते, हे लगेच कळतं. दुसरी हलली तर अख्खी हलते. ठोकळे तेच, संख्या तीच, वजन तेच.

गवंडी याला सांधा मोडणं म्हणतात. खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरच्या थराचा उभा सांधा येऊ द्यायचा नाही, वरच्या विटेने खालच्या दोन विटांवर पाय ठेवायचा. गवंड्याच्या हाताखाली राहिलेल्या पोराला ही पहिल्या आठवड्यात कळणारी गोष्ट. पण कळणं आणि पाळणं यांत किती अंतर असतं, ते मराठवाड्याने १९९३ साली पाहिलं. त्याकडे येतोच.

हिंगोली जिल्ह्यात ढकलणारं बोट जमिनीखालून येतं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहानंतर दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सातच्या सुमाराला पुन्हा ४.५. केंद्र कळमनुरी तालुक्याच्या बाजूला होतं, हादरे परभणी-नांदेडपर्यंत पोचले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर गेली कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतात आणि माणसं घरातून अंगणात येतात. ४.५ चा धक्का भूकंपशास्त्राच्या हिशेबात किरकोळच. पण घर कसं बांधलंय, याची आठवण करून द्यायला तेवढा पुरतो.

आणि याच जिल्ह्यात सांध्यांचा मराठवाड्यातला एक जुना, उत्तम धडा उभा आहे.

औंढा नागनाथाच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना दोन बांधकामं एकावर एक दिसतात. खाली यादवकाळातलं, काळ्या दगडाचं, कोनाकोनांनी मोडत जाणारं, मूर्तींच्या ओळींनी भरलेलं. वर नंतरच्या काळातलं पांढरं शिखर. जीर्णोद्धाराचं श्रेय अहल्याबाई होळकरांना दिलं जातं. भाविकांची नजर साहजिकच शिखराकडे जाते. बांधकाम बघायचं असेल तर ती गुडघ्याच्या उंचीवर ठेवावी. तिथे दगडावर दगड आहे आणि मधे चुना नाही. आडवे थर सरळ रेषेत जातात, थरांमधले सांधे इतके घट्ट की कोरीव कामाच्या ओघात ते हरवतात.

या पद्धतीला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित हा महादेव यादव आणि रामचंद्र यादव यांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला प्रधान. मोडी लिपी त्याची, बाजरी त्याची, देवळंही त्याचीच, इतकं सगळं लोकांनी त्याच्या नावावर चढवलंय की बिचाऱ्याला प्रधानकी करायला वेळ कधी मिळाला असेल, असा प्रश्न पडतो. चुन्याशिवाय घडीव दगड रचायचं तंत्र त्याच्या फार आधीपासून महाराष्ट्रात होतं. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं. श्रेय एका मंत्र्याला मिळालं आणि पाथरवटांच्या पिढ्या निनावी राहिल्या. आपल्याकडे हे नवं नाही.

‘हेमाडपंती म्हणजे एकमेकांत अडकवलेले दगड’ असं शाळेपासून ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. खाचा असतात, खुंट्या असतात, खांबाच्या माथ्यावरचं कुसू वरच्या दगडाच्या खोबणीत जातं. पण देऊळ मुख्यतः तोलून धरलंय ते वजनाने. एक घनफूट बसाल्ट म्हणजे सुमारे ऐंशी किलो. असे शेकडो चिरे एकावर एक आले की खालच्या दोन दगडांमधलं घर्षणच त्यांना हलू देत नाही. खुंटी-खाचेचं काम दुय्यम, पण महत्त्वाचं. बाजूने जोर आला तर दगडाने जागा सोडू नये, यासाठी ती असते.

म्हणून पाथरवटाचं सगळं कसब दोन चिऱ्यांची तोंडं जिथे भेटतात तिथे लागतं. वरवर सपाट दिसणारा दगड खालच्या दगडावर तीन उंचवट्यांवरच टेकला असेल, तर टनावारी भार त्या तीन ठिपक्यांवर येतो आणि दगड तडकतो. चुना असता तर त्याने ही खाचखळगी भरून काढली असती. चुना नाही म्हटल्यावर छिन्नीने चूक करायची सोयच उरत नाही. मूर्ती घडवणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. जो भाग कोणाला कधीच दिसणार नाही तो सपाट करणाऱ्याचं कौतुक मला जास्त वाटतं.

बसाल्ट दाबाला पक्का आहे, वाकायला कच्चा. त्यामुळे दगडी तुळई लांब टाकता येत नाही. मंडपात खांब जवळजवळ येतात त्याचं एक कारण हे. मग रुंद छत झाकायचं कसं? चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकायचे, आत लहान चौकोन तयार होतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरपे दगड. किंवा प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा आत काढायचा आणि त्याच्या शेपटीवर मागून भार द्यायचा. पोकळी आवळत येते, शेवटी एक शिळा तोंड बंद करते. कमान न वापरता छत!

हाच प्रयोग प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी करून पाहिला की दगड आणि ठोकळा यांच्यातला फरक बोटांना कळतो. एकेक बटण पुढे काढत गेलं तर ठोकळ्यांचं छत मागे भार न देताही बराच वेळ तग धरतं. दगडाचं थोड्याच थरांत कोसळलं असतं. दगडाला वजन आहे, पकड नाही. ठोकळ्याला पकड आहे, वजन नाही. आठ बटणांचा ठोकळा जेमतेम २.३ ग्रॅमचा. एका घनफूट बसाल्टच्या भारोभार पस्तीस हजार ठोकळे बसतील.

ती पकड आली कुठून, हे पाहण्यासारखं आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले किर्क ख्रिश्चनसेन नावाचा सुतार १९३२ पासून लाकडी खेळणी करत होता. ‘लेगो’ ही त्याची कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लास्टिक ओतायचं यंत्र घेतलं आणि १९४९ साली जोडता येणारे ठोकळे काढले. कल्पना पूर्ण त्याची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी पेज यांचे ‘किडीक्राफ्ट’चे ठोकळे आधीच बाजारात होते, त्यांच्यावरून हे बेतलेले. दोन्ही ठोकळे आतून पोकळ. वर बटणं, खाली मोकळी पेटी. वरच्या ठोकळ्याची भिंत खालच्या बटणांना बाहेरून धरायची, आत काहीच नाही. त्यामुळे रचलेलं घर उचललं की निखळायचं.

ओले किर्क यांचा मुलगा गॉटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या सुधारणेच्या पेटंटसाठी अर्ज केला, ती दिसायला क्षुल्लक आहे. ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या बसवल्या. आता प्रत्येक बटण भिंत आणि नळी यांच्या मधे चेपलं जातं, दोन्हीकडून धरलं जातं. शिवाय ठोकळा अर्ध्यावर सरकवला, आडवा लावला, कोपऱ्यात वळवला, तरी नळी बटणाला भेटतेच. सांधा मोडून बांधणं खेळण्यात खऱ्या अर्थाने शक्य झालं ते या नळ्यांमुळे. १९६३ पासून एबीएस नावाचं प्लास्टिक आलं. ते कणभर वाकतं आणि परत मूळ जागी येतं. बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, बटणाचा व्यास ४.८, ठोकळ्याची उंची ९.६, पातळ पट्टीची बरोबर एक तृतीयांश, ३.२. साचे हजारांश मिलिमीटरच्या हिशेबात कापलेले असतात. म्हणून १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो.

जिल्ह्याच्या गावी पिशवीत किंवा डब्यात मिळणारे ठोकळे बहुतेक दुसऱ्याच कुणाचे असतात, तीन-चारशे रुपयांत भरपूर. त्यांचं प्लास्टिक मऊ, माप ढिलं. चार महिन्यांत काही ठोकळे सुटतच नाहीत, काही बसतच नाहीत. तरी सांधा शिकायला ते पुरतात. ढिल्या ठोकळ्यांनी पक्की भिंत बांधायला जास्त अक्कल लागते, असं म्हणायलाही हरकत नाही. फक्त घेताना आयएसआय खूण पाहावी, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे.

लेगोचा एक ठोकळा किती भार सोसतो? ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या अभियंत्यांनी २०१२ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी चार बटणांचा ठोकळा दाबयंत्रात घातला. ४,२४० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ४३० किलोपर्यंत तो टिकला, मग फुटला नाही, हळूहळू दबत गेला. हिशेब केला तर त्याच्या डोक्यावर पावणेचार लाख ठोकळ्यांचा, साडेतीन किलोमीटर उंचीचा मनोरा राहील. कळसूबाईच्या दुपटीहून उंच! अर्थात असा मनोरा कोणी उभारणार नाही, कारण तळाचा ठोकळा दबण्याच्या कितीतरी आधी मनोरा मधेच वाकून मोडेल. उंच, सडपातळ गोष्टी चिरडून मरत नाहीत, त्या झुकतात. तीस-पस्तीस मीटरचे विक्रमी मनोरे बांधतात, तेव्हा त्यांना बाजूंनी तारांनी ताणून धरावं लागतं. जेम्स मे या ब्रिटिश वाहिनीवरच्या सूत्रसंचालकाने २००९ साली इंग्लंडमधल्या एका द्राक्षमळ्यात सुमारे तेहतीस लाख ठोकळ्यांचं दुमजली घर बांधून घेतलं, त्यालाही आधाराला लाकूड लागलं. पुढे ते घर न्यायला कोणी तयार होईना, तेव्हा पाडून टाकलं. तेवढे ठोकळे सुटे करणाऱ्यांच्या नखांची मला काळजी वाटते.

म्हणजे दाबाखाली ठोकळा राजा आहे, ओढल्यावर मात्र रंक. भिंत दाबा, काही होत नाही. वरचा थर बोटाने उचला, निघून येतो. तिला बाजूने वाकवा, एका अंगाचे सांधे उघडतात. चांगले बांधणारे यावर दोन उपाय करतात. पहिला, सरळ लांब भिंत बांधायचीच नाही. दर काही बटणांवर तिला कोपरा द्यायचा, आडवी भिंत गुंतवायची. नागमोडी भिंत तेवढ्याच ठोकळ्यांत सरळ भिंतीपेक्षा कितीतरी ताठ उभी राहते. औंढ्याच्या देवळाची तारकाकृती, आतबाहेर होत जाणारी भिंत आठवा. तिचे कोन भूमितीच्या आणि शिल्पशास्त्राच्या नियमांनी आले, छायाप्रकाशासाठी आले, हे खरं. पण प्रत्येक कोन भिंतीला टेकूही देतो. सौंदर्य आणि मजबुती इथे एकाच रेघेत निघाली आहेत.

दुसरा उपाय अस्सल अभियंत्याचा. थरांना आरपार उभं बांधायचं. भोकांच्या पट्ट्या आणि खिळे असलेला, पुढे ‘टेक्निक’ म्हणून ओळखला गेलेला प्रकार लेगोने १९७७ साली आणला. भोकांचे दोन आडवे ठोकळे, मधे दोन पातळ पट्ट्या. ९.६ आणि दोनदा ३.२ मिळून १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन भोकांचं अंतर. तेव्हा उभी पट्टी लावून खिळे मारले की भोकं भोकांशी जुळतात आणि थर एकमेकांना कुलूप लागल्यासारखे बसतात. आता ओढा, निघणार नाही. तिरकी पट्टीही लागते, पण कुठल्याही मापाची नाही. आठ मिलिमीटरच्या जाळीत ती तीन-चार-पाचच्या त्रिकोणात बरोबर बसते. पाया आखताना दोरीवर तीन, चार, पाच हात मोजून काटकोन साधणाऱ्या आपल्या गवंड्यांना हे सांगायची गरज नाही.

आता किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळजवळ आठ हजार माणसं गेली. ६.२ तीव्रतेच्या धक्क्यात एवढे बळी का, हा प्रश्न जगभरच्या अभियंत्यांनी विचारला आणि उत्तर भिंतीत सापडलं. मराठवाड्यातली जुनी दगडी भिंत दोन-अडीच फुटांपासून पुढे कितीही जाड असायची. पण ती एक भिंत नव्हती. आतला चेहरा वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि गोटे. दोन चेहऱ्यांना आरपार बांधणारा लांब दगड नाही. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतलेल्या नाहीत. वर माळवद, म्हणजे मातीचं छत, उन्हाळ्यात गारवा देणारं, आणि उन्हाळ्याच्या हिशेबाने शहाणपणाचंच. पण पिढ्यान्‌पिढ्या माती चढवत गेल्याने ते जड झालेलं. जमीन हलली, भिंतीचे दोन चेहरे फाकले, मधली माती सुटली आणि माळवद खाली आलं.

दगड तोच, औंढ्याचाच काळा बसाल्ट. तुम्ही सुरुवातीला रचलेल्या पहिल्या भिंतीचीच ही आवृत्ती होती, फक्त हिच्या आत माणसं राहत होती.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. जिथे माळवद भिंतीवर न ठेवता आतल्या लाकडी खांब-तुळयांवर, म्हणजे खणांवर होतं, तिथे पुष्कळदा भिंती ढासळल्या तरी खण उभे राहिले आणि माणसं वाचली. सुताराने कुसू-खोबणीने केलेले ते सांधे थोडे हलले, करकरले, पण सुटले नाहीत. म्हणजे शहाणपण त्याच घरात होतं. आपल्याकडे दगडाची जाडी म्हणजे ताकद, असा समज पक्का होता, आणि तो आज सिमेंटच्या बाबतीत आहे.

भारतीय मानक ब्युरोने १९९३ सालीच, आयएस १३८२८ या मानकात, अशा कमकुवत दगडी-विटांच्या बांधकामाचे नियम सांगितले. दर साठ सेंटिमीटर उंचीला आरपार दगड, आडव्या अंतरात १.२ मीटरपेक्षा लांब नाही. कोपऱ्यात दगडांची गुंतवण. घराला चहूबाजूंनी आवळणारे आडवे पट्टे. वाचताना कोणालाही वाटेल की खेळण्याच्या डब्यातल्याच सूचना आहेत.

सांध्याची उलटी बाजूही हिंगोली जिल्ह्यातच दिसते. ज्या औंढा तालुक्यात नागनाथाचं देऊळ आहे, तिथेच दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने तिला २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना आरसे. प्रोटॉनच्या रुंदीहून हजारो पटींनी लहान बदल टिपायचे, म्हणून अशा वेधशाळेत ४० किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांवर टांगतात. जमिनीचा हादरा आरशापर्यंत पोचूच नये, ही त्यामागची खटपट. घराच्या भिंतीला जे हवं त्याच्या अगदी उलट: इथे सांधा जितका सैल तितका चांगला.

लायगो-इंडियाच्या भागीदार संस्थांत पुण्याची आयुका आहे, आणि आयुकाच्याच आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’, पु. ल. देशपांडे यांच्या आठवणीत ठेवलेलं. तिथे अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या वापरून सांगाडे करायला शिकवलं. त्यांचं काड्यांच्या नमुन्यांचं पुस्तक १९८७ चं. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की लोळतो, तीन काड्यांचा त्रिकोण ढिम्म हलत नाही. खर्च काही रुपये. हजारो रुपयांचा लेगोचा संच जे शिकवतो त्यातलं बरंचसं यात येतं, आणि काही बाबतींत जास्तच, कारण त्रिकोण हा ठोकळ्यांचा कच्चा विषय आहे.

एवढं सगळं हाताशी असताना हिंगोलीतल्या जिल्हा परिषद शाळेत भिंत का पडते आणि का टिकते, हा धडा हातांनी शिकवला जाऊ नये, हे मला पटत नाही. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक ट्रे, त्याखाली चार गोट्या, वर दोन भिंती, आणि ट्रे हलवायला एक मूल. सहावीच्या वर्गाला तासाभरात कळेल ते तीस ओळींच्या परिच्छेदाने कळणार नाही. सहल औंढ्याला जातेच. दर्शनाच्या रांगेनंतर पंधरा मिनिटं देवळाच्या मागच्या भिंतीपाशी थांबायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि मोठ्यांसाठी. दिवाळीनंतर बांधकामांना जोर येतो. घरकुल असो, वरची खोली असो, की शेतातला आखाडा असो, गवंडी बोलावाल तेव्हा सिमेंटच्या गोण्या मोजण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. कोपऱ्यात दोन भिंती थराथराला गुंतवणार का? जोत्यावर आणि लिंटेलला सलग पट्टा घराच्या चारही बाजूंनी फिरवणार, की फक्त दार-खिडकीपुरता? आणि जुन्या दगडी भिंतीला नवी भिंत नुसती चिकटवणार, की तिच्यात दात काढून बसवणार? तिसऱ्या प्रश्नाला ‘प्लास्टर केल्यावर दिसत नाही’ असं उत्तर आलं, तर काम थांबवा आणि दुसरा गवंडी बघा.